स्वप्नांची वाटणी

कुंदाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन सकाळी चहाच्या वेळी येतो, गुहागरहून. ती ख्यालीखुशाली विचारत नाही, मीही विचारत नाही. मीच म्हणते, “बोल, आज कोण आलं होतं?” आणि मग ती सांगत सुटते. कधी स्वप्नात तिच्या शेजारची गेलेली काकू येते, कधी लहानपणची आमची कपिला गाय, कधी तिचे सासरे. आणि कधीकधी अण्णा, आमचे वडील. त्यांना जाऊन आता चाळीसेक वर्षं होत आली, तरी अजून येतात. मी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कप धरून ‘हं, हं’ करत ऐकते. फोन ठेवते तोवर चहा निवलेला असतो. आणि खरं सांगायचं तर या वयातही मनात कुठेतरी एक बारीक मुंगी चावून जाते. हिलाच बरे सगळे भेटतात!

यंदा मोहोर उशिरा आला. पौष सरत आला तरी थंडीचा पत्ता नव्हता. मग एकदम गार वारा सुटला, आणि सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, खाली उतरत आलेली आमची सगळी आंब्याची कलमं पाहता पाहता तांबूस-पिवळी होऊन गेली. सकाळी मागचं दार उघडलं की तो वास अंगावर येतो. मधासारखा, पण निव्वळ गोड नाही. त्यात काहीतरी आंबूस, तुरट असतं, घशात उतरणारं. लोक म्हणतात, मोहोराचा वास प्रसन्न असतो. असेल. मला मात्र तो आला की प्रसन्न वाटत नाही. ऐंशीच्या दशकातला तो एक हंगाम आठवतो. त्या वर्षी आमच्या घरात आंब्यांपेक्षा स्वप्नांचंच बोलणं जास्त होतं, आणि त्या सगळ्या बोलण्यात माझं एकही स्वप्न नव्हतं.

मला स्वप्नं पडत नाहीत. लहानपणापासून नाहीत. डोकं टेकलं की विहिरीत धोंडा पडावा तशी मी झोपेत पडते, आणि सकाळी कुणीतरी वर ओढून काढावी तशी उठते. मधलं सगळं कोरं. पुढे शिक्षिकेचं शिक्षण घेताना मानसशास्त्राच्या तासाला सर म्हणाले होते, स्वप्नं प्रत्येकाला पडतात, काहींना फक्त आठवत नाहीत. वर्गातल्या बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत त्याच विचारात होते. म्हणजे माझ्याकडेही रोज कुणी ना कुणी येत असणार, आणि मी सकाळी त्यांना ओळखही न देता उठून कामाला लागत असणार. कुणी आलंच नाही यापेक्षा हे जास्त वाईट वाटलं.

कुंदा माझ्याहून पाच वर्षांनी लहान. आम्ही दोघी एकाच अंथरुणावर, एकाच गोधडीत झोपायचो. सकाळी ती डोळे चोळत मागच्या पडवीत यायची आणि सुरू व्हायची. समुद्र आटला होता आणि आपण चालत पलीकडे गेलो. आपल्या विहिरीत हत्ती पडला होता, पण त्याला काही लागलं नव्हतं. अण्णा राखुंडीने दात घासत असायचे, ते हात थांबवून ऐकायचे. “मग? हत्ती वर कसा आला गो?” कुंदा सांगायची. मग ते माझ्याकडे वळायचे. “आणि शालू, तू काय पाहिलंस?”

“काही नाही.”

“बरं. दूध उतू जात नाही ना, तेवढं बघ.”

ते काही लागेलसं बोलत नव्हते. पण एकीला हत्ती आणि एकीला दूध, ही विभागणी तेव्हापासूनची.

अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा कुंदाच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझं लग्न झालेलं नव्हतं. मी रत्नागिरीत शाळेत शिकवत होते आणि रोज एस.टी.ने वाडीतून जाऊन-येऊन करत होते. अण्णांची उजवी बाजू गेली, आणि जीभ जड झाली. कलमांवर चढून धोंडूला वरूनच सूचना देणारा माणूस माजघरात खाटेवर आला. धोंडू म्हणजे आमच्या बागेचा राखणदार. तो दारात येऊन उभा राहायचा, अण्णा काहीतरी सांगायचा प्रयत्न करायचे, आणि तो नुसताच मान हलवून डोळे पुसत परत जायचा.

त्यांच्या बोलण्यातली व्यंजनं गेली होती. उरले होते ते नुसते स्वर. ‘पाणी’चं ‘आई’ व्हायचं, आणि ‘आई’चंही ‘आई’च. त्यातलं कुठलं पाण्याचं आणि कुठलं आईचं हे घरात फक्त मला कळायचं. कसं कळायचं ते मला सांगता यायचं नाही. डोळे, डावा हात, स्वराची लांबी, काय असेल ते. आई पाण्याचं भांडं घेऊन धावत यायची आणि अण्णा डोळे मिटून मान फिरवायचे. मग मी म्हणायची, “आई, पाणी नकोय त्यांना. तुलाच बोलावतायत.” ती भांडं तसंच हातात धरून उभी राहायची. पुढे पुढे ती यायच्या आधी माझ्याकडेच बघायची. “काय म्हणतायत गो?”

मी शाळेतून मोठी रजा घेतली. त्यांना न्हाऊमाखू घातलं, भरवलं, दाढी केली, ऊन अंगावर यावं म्हणून खाट सरकवली. रोज दुपारी, जेवण झाल्यावर, एक प्रश्न न चुकता यायचा. आधी ओठ हलायचे, मग ओढल्यासारखे स्वर. मी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगायची, “आई, अण्णा विचारतायत, जेवलीस का?” आतून उत्तर यायचं, “हो हो, जेवते.” ती बाहेर कधी आली नाही.

ते श्रावणात गेले. कुंदाला दिवस राहिले होते, तिसरा महिना होता, प्रवास करू नको म्हणून बजावलं होतं. तरी ती निघाली. पावसात जयगडच्या खाडीतली तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, बंद. म्हणून चिपळूणवरून वळसा घालून एस.टी.ने यायला निघाली, तर वाटेत दरड कोसळलेली. ती पोचली तेव्हा माजघरातली खाट उभी करून भिंतीला टेकवलेली होती. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “इथेच ना?”

त्यानंतर आई हळूहळू बंद होत गेली. रडली असती तर बरं झालं असतं. पण ती कामं करायची आणि बसायची. ताटावर बसली की दोन घास चिवडून उठायची. मी तिच्या आवडीचं कुळथाचं पिठलं केलं, घावन केले, रागावले, विनवण्या केल्या. “भूक नाही गो,” म्हणायची. दिवाळी गेली, कातळावरचं गवत पिवळं पडलं. मोहोर फुटायला लागला तेव्हा धोंडू अंगणात येऊन म्हणाला, “वैनी, म्होवर झ्याक हाय. मळभ तेवढा नको. तुडतुडा पडायच्या आत फवारणी करू काय?” आई म्हणाली, “तुम्हाला काय वाटेल ते करा.” धोंडूने माझ्याकडे पाहिलं. अण्णांच्या मागे बाग आईच्या नावावर झाली होती, आणि ती तिकडे ढुंकूनही बघत नव्हती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. मला भीती वाटायची की पुढचा मोहोर हिला दिसणार नाही.

अशात कुंदा बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरून आठवा लागला होता. आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या पडवीत येऊन बसली. आई चुलीवर पेज ढवळत होती, मी कपडे भिजवत होते. कुंदा लहानपणीसारखी डोळे चोळत म्हणाली, “आई, अण्णा आले होते स्वप्नात.”

आईची पळी थांबली.

“विहिरीच्या काठावर बसले होते. स्वच्छ धोतर, अंगात काही नाही. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, ‘कुंदे, तुझी आई जेवली का?’”

“असं म्हणाले?”

“अगदी स्पष्ट. पहिल्यासारखं.”

आई चुलीपुढून उठली, थाळी घेतली, तीत पेज वाढून घेतली, वर मीठ आणि लोणच्याचा खार घेतला, आणि भिंतीला टेकून बसून सगळी पेज प्यायली. थाळी बोटाने पुसून चाटली. मी बादलीपाशी ओले हात तसेच धरून बघत राहिले.

आता वाटतं, मला आनंद व्हायला हवा होता. आई जेवली होती! इतके महिने मी जे करू शकले नव्हते ते झालं होतं. पण माझ्या मनात आलं ते हे, की ते वाक्य माझं आहे. रोज दुपारी अण्णांनी ते माझ्याकडे दिलं होतं. जिभेशी झुंजून, घाम येईपर्यंत, एक एक स्वर लोटत. मी ते रोज स्वयंपाकघरापर्यंत पोचवलं होतं. तेव्हा आई बाहेरसुद्धा आली नव्हती. आणि हिला ते एका झोपेत, फुकट, स्पष्ट उच्चारांसकट मिळालं. कुंदाला ते ठाऊकही नव्हतं. तिला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं.

मग रोजच सुरू झालं. अण्णा आज बागेत फिरत होते. अण्णांनी आज वरच्या गडग्याजवळचं, दगडी कुंपणाजवळचं कलम हात लावून पाहिलं आणि म्हणाले, याला पाणी कमी पडतंय. आईने धोंडूला बोलावून त्या कलमाला पाणी घालायला सांगितलं. पाणी खरंच कमी पडत होतं की नाही, देव जाणे. पण आई स्वतः तिथे बघायला गेली, कित्येक महिन्यांनी बागेत पाय ठेवला तिने. वाडीतल्या बायका सकाळच्या येऊन पडवीत टेकायला लागल्या. “काय गो कुंदा, आज काय म्हणाले अण्णा?” कुणी म्हणे, पहाटेचं स्वप्न आहे, खोटं असायचं नाही. कुणी म्हणे, मन गुंतलंय त्यांचं लेकीच्या बाळंतपणात. कुंदाचं पोट, कुंदाची स्वप्नं. सगळ्या तिच्याभोवती, आणि मी चहा करत असे.

एकदा ती म्हणाली, “आज काठी घेऊन चालत होते, उजव्या हातात काठी.”

मी चटकन म्हणाले, “उजव्या? त्यांचा उजवा हात चालत नव्हता.”

कुंदा शांतपणे म्हणाली, “स्वप्नात चालतो.”

तिच्याकडे अण्णा धडधाकट येत होते. माझ्याकडे जे होते ते अर्धे, लाळ पुसावी लागणारे, माझ्या खांद्यावर सगळा भार टाकणारे. ते माझे खरे होते. पण त्या पडवीत खऱ्याला काही भाव नव्हता.

मी स्वप्न पडावं म्हणून जे काही केलं ते आज आठवलं की हसू येतं आणि हसताना बरं वाटत नाही. अण्णांची खाट परत आडवी करून तिच्यावर झोपायला लागले. त्यांचा पंचा उशाशी घेतला. कुणीतरी म्हणालं, जड जेवून झोपलं की स्वप्नं पडतात, म्हणून वालाची उसळ आणि भात पोटभर खाल्ला. झोपताना मनात म्हणायची, या ना अण्णा, एकदाच या, बोलू नका हवं तर. आणि सकाळी उठायची ती नेहमीसारखीच, कोरी, पोटात वालांचा गच्चपणा घेऊन. मागच्या पडवीतून कुंदाचा आवाज यायचा, “आज ना, आई…”

माणसाला स्वप्न कशासाठी दिलं असेल? पोट आहे म्हणून भूक लागते, अंग दमतं म्हणून झोप येते. पण झोपेच्या आत ही आणखी एक वस्तू कशाला? आमच्या वाडीत म्हणायचे, गेलेला माणूस स्वप्नात आला तर त्याचं काहीतरी राहिलंय. आमचे मानसशास्त्राचे सर म्हणायचे, आपलंच काहीतरी राहिलेलं असतं. दोन्हीत शब्द तोच, ‘राहिलेलं’. फक्त कुणाचं, एवढाच वाद. त्या हंगामात मला एवढंच कळत होतं की स्वप्न ही मिळकत आहे आणि तिची वाटणी झालेली नाही. कलमांची वाटणी होते. ही तुझी, ही माझी, मध्ये गडगा घालता येतो. मेलेल्या बापाची वाटणी कुणी करून द्यायची?

माघात मोहोर गळून बारीक कणी, दाण्याएवढी कोवळी फळं, धरायला लागली होती. एका दुपारी कुंदा आणि मी बागेत खालच्या अंगाला बसलो होतो. तिला चालायला सांगितलं होतं, म्हणून आई रोज माझ्यासोबत तिला पाठवायची. ती कलमाच्या बुंध्याला टेकून बसली आणि म्हणाली, “ताई, काल अण्णा म्हणाले…”

“तुला बरे रोज भेटतात गं,” मी म्हणाले. “वेळ ठरवून येतात का? की सकाळी पडवीत बसल्यावर सुचतात?”

मग तिचा चेहरा लाल झाला.

“मी खोटं सांगते असं म्हणायचंय तुला?”

“मी कुठे म्हणाले?”

“तू तेच म्हणालीस.” ती बुंध्यापासून सरळ झाली. “तुला काय माहीत मला काय होतं ते! ते येतात, बोलतात, आणि दर वेळी मला स्वप्नातसुद्धा ठाऊक असतं की मला उशीर झालाय. दरड पडलीय आणि मी एस.टी.त बसलेय. मी त्यांना बघते ते घाईघाईने, आता जातील म्हणून. तुझ्या स्वप्नात ते कशाला येतील? तू होतीस ना. शेवटपर्यंत त्यांचा हात तुझ्या हातात होता. मी नव्हते, ताई! मी नव्हते!”

आणि ती हमसून हमसून रडायला लागली. एवढं मोठं पोट, त्यावर हात ठेवून. वरून कणी टपटप गळत होती, तिच्या केसांत पडत होती. मी तिला जवळ घेतलं. घेतलं खरं, पण मनातली मुंगी गेली नाही, हेही सांगून टाकते. माझ्या मनात आलं, तू नव्हतीस त्याबद्दल तुला स्वप्नं मिळाली. मी होते, तर मला काय मिळालं?

शिमग्याच्या दिवसांत तिला मुलगी झाली. बाहेर पालखीचे ढोल घुमत होते आणि आत ती पोर बारीक किंचाळत होती. आणि त्या दिवसापासून कुंदाची स्वप्नं थांबली. झोपच कुठे मिळत होती तिला! आई सकाळी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी घेऊन जायची, धुरी द्यायची, बाळाला शेकायची, आणि मग तशीच थोडा वेळ रेंगाळायची. विचारायची नाही. कुंदाच म्हणायची, “आज काहीच नाही गो आई.” आई म्हणायची, “असू दे. तुझी झोप महत्त्वाची.” आणि त्या दिवशी ती पुन्हा निम्मं जेवून उठायची.

चैत्र लागला होता. एका दुपारी आई आणि मी पडवीत हाताला तेल लावून फणसाची कुयरी चिरत बसलो होतो. आत कुंदा आणि बाळ झोपलेलं. आई चीक पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, “शालू, तुझ्या कधी येत नाहीत काय गो ते?”

माझ्याकडे एक स्वप्न तयार होतं. कितीतरी दिवस मनात घोळवून मी ते रचलेलं होतं. अण्णा खाटेवरून उठतात, अंगणात येतात, आणि मला काहीतरी म्हणतात. ते काय म्हणतात तेही ठरलेलं होतं. फक्त तोंड उघडायचा अवकाश होता. आई जेवली असती. वाडीतल्या बायका माझ्याभोवती बसल्या असत्या. मी आईच्या हातांकडे पाहिलं, आणि ते काही केल्या बाहेर पडेना.

“नाही आई,” मी म्हणाले. “एकदाही नाही.”

आईने मोठा श्वास सोडला. मला वाटलं, निराश झाली. पण ती म्हणाली, “माझ्याही नाही.”

मी चिरता चिरता थांबले.

“इतकी वर्षं संसार केला,” आई म्हणाली. “एकदा तरी यावं की नाही माणसाने? लेकीकडे रोज जात होते. मला काही वाटत नसेल? रोज सकाळी ती सांगायची आणि मी ऐकायची. आनंद व्हायचा. आणि आतून जळायचीसुद्धा. पोटच्या पोरीवर जळायची मी, शालू. तिच्या या अवस्थेत!”

माझं जळणं हे माझं एकटीचं आहे, घरात मीच काय ती वाईट मनाची, असं मी धरून चालले होते. आईकडे जळण्याचा हक्क माझ्याहून जुना होता, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

“आणि त्याच्याआधी तुझ्यावर जळत होते,” ती म्हणाली.

“माझ्यावर?”

“मग काय तर! त्यांचं बोलणं तुला कळायचं. मला कळायचं नाही. माझ्या नवऱ्याला काय हवंय ते मी पोरीला विचारायचं. ‘काय म्हणतायत गो, काय म्हणतायत गो.’ ते मला बोलवायचे आणि मी पाणी घेऊन जायची. त्यांचा चेहरा कसा व्हायचा! नंतर नंतर मी आतच थांबायची. आधी तू सांगायचीस ते काय म्हणाले. मग कुंदा सांगायला लागली. माझ्याशी म्हणून काही बोलले का ते?”

“रोज बोलत होते,” मी म्हणाले. “रोज दुपारी. मी सांगत नव्हते का तुला? जेवलीस का म्हणून विचारतायत?”

आईच्या हातातला, विळीवर धरलेला तुकडा तसाच राहिला.

“ते ते विचारायचे?”

“मग कोण?”

“मला वाटायचं, तूच विचारतेस. मी जेवावं म्हणून त्यांचं नाव घालतेस.”

तेलकट, चिकाने काळे झालेले हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडे वळली. मग तिने मला पहिल्यापासून सगळं विचारायला सुरुवात केली. ओठ कसे हलायचे, आधी कुठला स्वर यायचा, विचारताना कुठे बघायचे. मी अण्णांसारखं बोलून दाखवलं. ती ऐकत होती, आणि हलक्या आवाजात माझ्यामागून ते स्वर म्हणून बघत होती. कुयरीची भाजी त्या दिवशी झालीच नाही. संध्याकाळी आम्ही आमटी-भात खाल्ला. आई दोनदा वाढून घेऊन जेवली.

मला पुष्कळदा वाटतं, स्वप्नाचं काम काय याचं उत्तर मला त्या दुपारी निम्मं मिळालं. जे पोचायचं राहून जातं ते पोचवण्यासाठी ते असावं. कुंदापर्यंत अण्णा पोचले नव्हते, म्हणून ते रात्री पोचत होते. माझ्यापर्यंत ते पोचलेले होते, म्हणून माझी वाट त्यांनी सोडली असेल. हे उत्तर समजूतदार आहे. मी ते पुष्कळ जणांना सांगितलंही आहे. पण समजूत आणि भूक या वेगळ्या गोष्टी आहेत. अण्णा आजतागायत माझ्या स्वप्नात आले नाहीत. पुढे आई गेली, तीही नाही. सकाळी कुंदाचा फोन आला की माझ्या मनाला हे समजूतदार उत्तर अजिबात आठवत नाही.

वैशाखात आंबा उतरायला आला. बागेतल्या मांगरात, म्हणजे माल ठेवायच्या त्या लहानशा घरात, देवदारी पेट्या रचलेल्या होत्या. गवताचे भारे येऊन पडले होते. धोंडू झेल्याने, जाळी बांधलेल्या काठीने, आंबे काढत होता आणि आम्ही तिघी मांगरात बसून पेट्या भरत होतो. कुंदाच्या मांडीवर बाळ होतं, ती एका हाताने गवत सारखं करत होती.

त्या सकाळी आई वेगळीच होती. आम्ही उठायच्या आत तिने न्हाणं उरकलेलं. केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातलेला. घावन करून, कुणाची वाट न बघता, पहिले तिने स्वतः खाल्ले. मग बागेत येऊन धोंडूला खडसावलं, “कोवळा काढू नका, देठाकडे बघून काढा. एवढी वर्षं ह्यांच्या हाताखाली काढलीत ना?” धोंडू खूश होऊन, “होय, होय वैनी,” करत पुन्हा चढला.

कुंदा तिच्याकडे मघापासून बघत होती. स्वप्न पडणाऱ्या माणसाला स्वप्न पडलेलं दुसरं माणूस ओळखू येत असावं. ती म्हणाली, “आई, अण्णा आले होते.”

तो प्रश्न नव्हता. आईने हातातला आंबा गवतात नीट बसवला, त्याच्याशेजारी दुसरा बसवला.

“आले होते,” ती म्हणाली.

“काय म्हणाले?” आम्ही दोघींनी एकदमच विचारलं. दोघींच्या आवाजात तीच घाई होती. ऐकून आम्हाला एकमेकींकडे बघायची लाज वाटली.

आईने आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. वर्षभरात न पाहिलेलं, लग्नातल्या नवरीच्या तोंडावर असतं तसलं काहीतरी तिच्या तोंडावर होतं. मग आयुष्यभर अण्णांना ‘हे’ आणि ‘ते’ म्हणत आलेली आमची आई मान ताठ करून म्हणाली, “तुम्हाला कशाला सांगू? माझा नवरा होता तो.”